दिवाणजीच्या खिशावरचा डाग

घाटंजीच्या बाजार समितीत कापूस घेऊन आलेल्या कोणालाही विचारा, ‘सातव्या खोलीचं कुलूप’ या कादंबरीत आंधळ्या जमीनदाराचा खून कोणी केला? तो कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या टेबलाकडे पाहत सांगेल, “दिवाणजीनं. खिशावर शाईचा डाग होता ना!” हे त्याने माझ्या पंचफुलामावशीकडून ऐकलेलं असतं. मावशी पुस्तकात असेल तेवढंच वाचते, कानामात्राही इकडचा तिकडे करत नाही, अशी तिची ख्याती आहे.

समितीच्या भिंतीला लागून वाचनालय आहे. मावशी तिथे आधी झाडू मारायची, मग पुस्तकं देऊ-घेऊ लागली. शिक्षण सातवी. दोन हजार पाचच्या हंगामात कापसाच्या बैलबंड्यांचा नंबर तीन-तीन दिवस लागत नव्हता. माणसं वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसत. पेपरात रोज तेच रडगाणं, म्हणून कोणीतरी म्हणालं, “बाई, एखादी गोष्ट वाचा ना.” मावशीने हाताला लागलेलं जुनं पुस्तक उचललं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. त्याला शेवट आहे की नाही, हे तिने आधी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चाळीसेक माणसं होती. तपकीर ओढणारे गुप्तहेर नानासाहेब टिळेकर यांनी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, काठी उगारली आणि म्हणाले, “खुनी याच खोलीत आहे!” हे पान एकशे शहात्तर. त्यानंतर थेट पुठ्ठा. शेवटचा सोळा पानांचा अख्खा फर्मा गळून गेला होता.

पहिल्या रांगेत तांड्यावरचा भीमसिंग राठोड बसला होता. मिशा अशा, की बोलताना आधी त्या हलत. त्याच सकाळी ग्रेडरने कानावरचा पेन काढून त्याचा कापूस ‘ओला’ म्हणून परत केला होता. मावशीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग कोऱ्या पुठ्ठ्यावर नजर ठेवून वाचतच राहिली, “नानासाहेबांनी काठीचं टोक दिवाणजीच्या खिशाला लावलं. तिथे शाईचा डाग होता.”

“असाच पायजे!” भीमसिंगने मांडीवर थाप मारली. “मले पयल्या पानापासून मालूम होतं. लिहिणाराच मारते माणसाले!”

तेव्हापासून दर हंगामात त्याच पुस्तकाची फर्माईश. डाग शेवटीच कसा उगवला, असं एकाने विचारलं, तर पुढच्या वर्षी मावशीने तो तिसऱ्या प्रकरणातच आणून ठेवला.

नऊ वर्षं खुनी सुखाने नांदला. मग दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात एका हिंदी वाहिनीने या कादंबरीची मालिका काढली. रविवारी दुपारी बाजार समितीच्या कॅन्टीनमध्ये सगळे ती पाहू लागले. कापूस तेव्हाही रांगेतच होता. नानासाहेबांचा ‘नील’ झाला होता. तपकीर गेली, दाढी आली. काठीच्या जागी लॅपटॉप, बग्गीच्या जागी मोटरसायकल. जमीनदार बिल्डर झाला. मूळ कादंबरीत त्याला सुभद्राबाई नावाची बाई रोज पत्रं वाचून दाखवायची. इथे ते काम मोबाइल करत होता.

“तुहा दिवाणजी कुठी दिसत नाई, भीमसिंगभाऊ,” कॅन्टीनवाला देवसिंग म्हणाला.

“दिसन. पुस्तकात हाय.”

“अन् त्या नीलनं दुसऱ्यालेच धरलं तं?”

“तं माही मिशी उतरोतो. दिवाणजी निंघाला तं तुही!”

त्या संध्याकाळी मावशीने मला बाजूला घेतलं. मी तेव्हा यवतमाळला इंजिनिअरिंग करत होतो. “पोरा, तुह्या त्या इंटरनेटवर सोळा पानं भेटतीन का रे?”

“काहून?”

तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “मिशी त्याची हाय, पण उभी माह्या थापेवर हाय. त्याची गेली तं उद्यापासून माह्याजवळून पेपर तरी कोण ऐकन?”

इंटरनेटवर काही मिळालं नाही. पुण्याला शिकणाऱ्या एका मित्राला मी तिथल्या जुन्या ग्रंथालयात पिटाळलं. पण त्याचे फोटो येण्याआधी मालिकेचा शेवट आला.

कॅन्टीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नीलने लॅपटॉप मिटला, लिफ्टचं दार उघडलं आणि आतून खुद्द बिल्डर बाहेर आला. मेलाच नव्हता! पुढचं पुढल्या वर्षी म्हणे.

“वस्तरा आणू?” देवसिंगने विचारलं.

“कायचा वस्तरा?” भीमसिंग उसळला. “यायनं तपकीर काढली, काठी काढली, बग्गी काढली. खुनी काहून ठेवतीन? बदलवला! पुस्तकात दिवाणजीच हाय. हो का नाई, बाई?”

सगळ्या माना मावशीकडे वळल्या. तिने बशीतला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. लोकांनी त्यालाच होकार मानलं. मिशी वाचली.

दोन दिवसांनी फोटो आले. मावशीने ती सोळा पानं माझ्या फोनवर दोनदा वाचली. खून सुभद्राबाईने केला होता. कागदावर एक असायचं, ती वाचायची दुसरंच. आणि आंधळ्या जमीनदाराच्या ते लक्षात आलं होतं. मालिकावाल्यांनी तिच्या जागी मोबाइल आणला आणि खुनीच हरवून बसले.

मावशीने फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, “प्रिंट काढून आण.”

तिने ती पानं गोंदाने पुस्तकात नीट चिकटवली. पुढच्या आठवड्यात भीमसिंग दुसऱ्या वेच्याचा कापूस घेऊन आला, ओटा भरला, आणि मावशीने आयुष्यात पहिल्यांदा ती कादंबरी अक्षरशः छापल्याप्रमाणे वाचली. तिसऱ्या प्रकरणात डाग आला नाही, तेव्हाच कुजबुज झाली. सुभद्राबाईचं नाव येताच भीमसिंग उठला.

“थांबा, बाई. बुक दाखवा.”

त्याला वाचता येत नव्हतं. त्याने पानं बोटांत धरून चोळली, वास घेतला, उन्हात धरली. नानासाहेब असेच करत.

“सारं बुक पिवळं, अन् हे सोळा पानं पांढरीफक्क. गोंदाचा वासबी अजून गेला नाई. कोणीतरी खरी पानं फाडून टीव्हीवाल्यायसारखी बदलवलेली चिपकवली, बाई. तुमाले फसवलं!”

“फसवलं नाई रे बाप्पा,” मावशी म्हणाली. “मीच चिपकवली. पयले मीच मनानं वाचत होती.”

ओटा खदखदून हसला. “पाहा, कोणाले तरी वाचवाले स्वतःवर घेऊन राह्यली,” देवसिंग म्हणाला. “बाई अन् खोटं वाचन?”

“वाचा आता बराबर,” भीमसिंग खाली बसत म्हणाला.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिने ती सोळा पानं एकदम उलटली, पुठ्ठ्यावर नजर लावली आणि दिवाणजीच्या खिशापासून वाचायला सुरुवात केली.