उष्ट्या ताटाचं भांडण

लग्नाआधी मी माझ्या नवऱ्याला भर सभेत नावाने हाक मारत असे. आमच्या तरुण मंडळात सगळेच एकमेकांना तशी मारत. लग्न होऊन मुळशीत सासरी आले आणि ते नाव घ्यायची बंदी घरात मला एकटीलाच झाली. गडी ते नाव घेई, शेजारचं शेंबडं पोर घेई, बैल बघायला आलेला परका माणूस अंगणातून घेई. मी मात्र 'अहो' म्हणून दाराच्या कडेला उभी. सरळ सांगते, मला याचा राग येत होता आणि अजून येतो.

माझे वडील पुण्यात एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं वाचायला मी त्यांच्याजवळ बसून शिकले आणि सुलटी लिहायला मंडळात. हुंड्यावर, मानपानावर, बायकांच्या जेवणावर आम्ही पत्रकं काढत असू. त्यातल्या एका पत्रकात माझं वाक्य होतं, 'उष्टं खाणाऱ्या बाईच्या पोटी ताठ मानेचं मूल कसं जन्मेल?' हे वाक्य माझ्या नवऱ्याला फार आवडलं होतं. मंडईपाशी पत्रकं वाटताना तो ते खड्या आवाजात म्हणायचा आणि भाजी घेणाऱ्या बायका वळून बघायच्या. मला वाटतं, मी त्या आवाजाशीच लग्न केलं.

घर भातशेतीचं. सासूबाई, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, त्यांचं अंगावर पिणारं मूल आणि आम्ही दोघं. सासरे आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी वारले होते.

सुरुवातीला सगळंच टोचायचं. ओल्या लाकडांच्या धुरात डोळे इतके सुजत की बघायला येणाऱ्या बायकांना वाटे, पोरगी माहेरच्या आठवणीने रडते. त्या माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल बोलत, जणू मी विकायला आणलेली शेळी आहे. एकीने तर मनगट दाबून बघितलं आणि ही लावणीला टिकायची नाही असं सासूबाईंना सांगून टाकलं. नाचणीची भाकरी परातीतून तव्यावर नेईपर्यंत माझ्या हातात तुटे. चावडीपुढून जायचं तर चपला काढून हातात घ्यायच्या. काट्याच्या वाटेवर पाय उघडे आणि चपला हातात, यात मोठ्यांचा मान कुठे राहतो ते मला कुणी सांगितलं नाही. नवऱ्याला विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: थोडे दिवस. नावाचं थोडे दिवस, चपलांचं थोडे दिवस, डोक्यावरच्या पदराचं थोडे दिवस.

ताटाचं मात्र मी थोडे दिवससुद्धा ऐकलं नाही.

आमच्याकडे भात पिकतो खरा. पण चांगला तांदूळ बाजाराला जाई आणि घरात राहील तो पुरुषांच्या ताटात. बायकांना भाकरी आणि कालवण. वाढायचं काम सासूबाईंचं. पहिल्याच दिवशी नवरा जेवून उठला तेव्हा त्याच्या ताटात भाताचा चांगला अर्धा ढीग तसाच होता, वर तूप, कडेला भाजलेला बोंबील. सासूबाई मला म्हणाल्या, त्येच्याच ताटावर बस, नवी नवरी हाईस. मी ताट उचललं, अंगणात नेऊन कुत्र्यापुढे रिकामं केलं, राखेने घासलं आणि स्वच्छ ताट पुढे घेऊन बसले. कुणी ओरडलं नाही. सासूबाईंनी माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली, पाणचट कालवण ओतलं आणि म्हणाल्या, "घे. तुझं ताट तुला. कुत्र्याचं बाकी बरं चाललंय ह्या सुनंच्या राज्यात."

काही दिवस हेच चाललं. मग नवऱ्याने ताटात ठेवणं बंद केलं आणि तो सगळं जेवून उठू लागला. मी जिंकले होते. माझं ताट माझं होतं आणि माझं पोट रिकामं होतं. मला वाटलं, सासूबाई सूड उगवतायत. शिकलेल्या सुनेला भुकेने वाकवतायत. तसं एक पत्रकही मनात लिहून झालं.

लावणी सुरू झाली. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची म्हणजे अर्ध्या भाकरीचं काम नव्हे. दुपारी बांधावर थोरल्या जाऊबाई मुलाला घेऊन बसल्या. मूल ओढायचं, सोडायचं आणि रडायचं. पुन्हा ओढायचं. दूध पुरत नव्हतं हे मलाही कळत होतं. मी माझ्या भाकरीची तक्रार केली तेव्हा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"आगं, आत्याबाईंनीच भाऊजींना सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "शेरातली पोर हाय, तिला हितलं काम झेपायचं न्हाई, ताटात ठेवत जा. त्येंच्या ताटात जास्त वाढत्यात ते उगीच व्हय? आन तू कुत्र्याला घातलंस."

मी विचारलं, "आणि अक्का, तुमच्या ताटात?"

जाऊबाई हसल्या. "आमचं ताट येतं ते घासूनच येतं. मला धुवायचा तरास न्हाई."

थोरले दीर वाईट माणूस नव्हते. कष्टाळू होते, बायकोवर हात उगारल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्यांना भूक लागायची आणि समोर असेल ते ते खायचे, एवढंच. आणि तेवढ्यावर बांधावरच्या त्या बाईचं दूध आटत होतं.

संध्याकाळी गोठ्यात मी नवऱ्याला गाठलं आणि विचारलं की हे मला आधीच का सांगितलं नाही. तो म्हणाला, तू ऐकून घेतलं असतंस का? तेही खरंच होतं. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तो वडिलांबद्दल बोलायला लागला. म्हणाला, "आबा पोटभर जेवलेले मला आठवतच नाहीत. निम्मा भात ठेवून उठायचे. आई मागून त्यांच्या ताटावर बसायची. आम्हा भावांना वाटायचं, काय माया आहे."

"आणि आबा गेल्यावर आई कुणाच्या ताटावर बसल्या?"

त्याने म्हशीपुढे वैरण सारली. मंडईपाशी एवढा खडा वाटणारा तो आवाज गोठ्यात हरवला. मलाही त्याला टोचून बोलायचं सुचलं नाही. सासूबाई सगळ्यांच्या मागून पातेल्याच्या बुडाशी काय उरेल ते हाताने निपटून खात, हे मी रोज बघत होते. मला ती त्यांची सवय वाटली होती.

त्यानंतर मी बराच विचार केला. उष्टं ताट वाईटच. ते कुत्र्यापुढे टाकलं याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण आमच्या पत्रकात ताट होतं, पातेलं नव्हतं. पातेल्यातून आधी कुणाचं निघतं, हा प्रश्न आम्ही कुणी विचारलाच नव्हता. ज्या घरातला पुरुष मायाळू, त्या घरातली बाई जेवते. पुरुष विसराळू असला की ती उपाशी. आणि पुरुष मेला की तिचं जेवणही त्याच्याबरोबर जातं. याला माया म्हणायची माझी तयारी नव्हती.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा मी समोर बसून विचारलं की आत्याबाई, भात तुमच्या हातात आहे, मग सरळ आमच्या ताटात का वाढत नाही. त्यांनी खडा वेचून बाजूला टाकला.

"सासूनं सुनंच्या ताटात तूप-भात वाढायचा? कुटं ऐकलंस? पुरुषाच्या ताटातनं आलं की त्येला कुनी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. मग दुसरा खडा वेचत, "थोरल्याला सांगितलं हुतं म्या. दोन डाव ठेवलं, मग इसरला. आता लेकाच्या तोंडातला घास वडून घिऊ?"

त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाक माझ्याकडे होता. भात शिजला तसा मी आम्हा तिघींपुरता एका पितळीत काढला, चुलीच्या कडेला ठेवला आणि वर बांबूची पाटी उपडी घातली. सासूबाई वाढायला आत आल्या. पातेल्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, पाटीची कड उचलून आत बघितलं. मी म्हटलं, आधी आपला काढला. माझा आवाज मला वाटला तेवढा घट्ट निघाला नाही. त्या पाटी फेकून देतील आणि भात परत पातेल्यात जाईल, असंच मला वाटत होतं. तसं झालं असतं तर पुन्हा हात लावायची माझी हिंमत झाली नसती. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि जरा तिरकी होती ती सरळ केली.

दोघे भाऊ जेवायला बसले. पाटी नवऱ्याच्या पाटापासून हातभरावर होती. वाफेने तिच्या भोकांतून वास येत होता, तो त्याला कळला नसेल असं मी मानत नाही. थोरल्या दिरांनी पहिला भात संपवला, मग दुसरा, आणि ताट पुढे केलं. पातेलं रिकामं होतं.

"आये, भात सपला का?"

दाराआड जाऊबाईंनी मुलाला थोपटायचं थांबवलं. मी चुलीत बघत राहिले. सासूबाई उठल्या नाहीत, पाटीकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"सपला," त्या म्हणाल्या. "भाकरी घे."

दिरांनी भाकरी घेतली. खरंच, एवढंच झालं. भाकरी कालवणात चुरली आणि उद्याच्या चिखलणीचं बोलत जेवून उठले. नवऱ्यानेही भाकरी घेतली, मान खाली घालून.

दोघे ओट्यावर गेल्यावर सासूबाईंनी आधी अंगणाकडचं दार लोटलं. मग पाटी उचलली. स्वतःच्या वाट्यातला भात त्या जाऊबाईंच्या ताटात सारू लागल्या तेव्हा जाऊबाईंनी ताट मागे ओढलं, आणि त्यावरून दोघींची कुजबुजत बरीच ओढाताण झाली. शेवटी सासूबाईंनी तुपाचं भांडं काढलं आणि जाऊबाईंच्या भातावर बोटांनी तूप निथळवलं. माझ्याही भातावर थोडं. "शेरातलीला तूप बादंल," त्या म्हणाल्या. त्यांच्या ताटात त्यांचा भात तसाच होता. खाताना त्या दाराकडे पाठ करून बसल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. पाटी रोज पडते आणि भात रोज 'सपतो'. जाऊबाईंचं मूल शाळेत जातं. घर म्हणतं, आता सगळं ठीक आहे, अजून कशाला कुरकुर करतेस? मी करते. कारण बाईला जेवायला घालायला या घरात एका म्हाताऱ्या आईला रोज खोटं बोलावं लागतं, आणि ते वाक्य खरं म्हणजे तिचं नाहीच. 'पातेल्यात एवढाच आहे, बाकीचा बायकांचा,' हे भावाला सांगायचं काम माझ्या नवऱ्याचं आहे. मंडईत त्याला कठीण गेलं नसतं. मी त्याला तसं म्हटलं.

तो म्हणाला, थोडे दिवस.

तेव्हापासून मी पाटी चुलीच्या कडेला ठेवत नाही. रोज संध्याकाळी त्याच्या पाटाला अगदी चिकटून ठेवते.