कानशीने घासलेला पाइप

दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास मी मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या एका गॅरेजमध्ये सुपरवायझर होतो. तिथला येमेनी मेकॅनिक कामाला सोन्यासारखा, पण एक खोड होती. प्रत्येक गाडीचे ब्रेक तीन-तीनदा तपासायचा. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली आणि हा गाडीखाली. माझं डोकं मुळातच तापट, त्यात मस्कतचा जून. एकदा ओरडलोच, "यल्ला, खलास करो बाबा! पूजा कर रहा है क्या?"

"बस भाई, एक बार और," तो खालूनच म्हणाला.

जेवताना त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत कारण सांगितलं. युद्धात त्याच्या शहराचा ताबा बाहेरून आलेल्या फौजेने घेतला होता. गल्लीतली चार-पाच माणसं गुपचूप त्या फौजेच्या वाटेत काटे पेरत होती. कुणी तारा तोडायचं, कुणी डिझेलमध्ये साखर टाकायचं. याला फौजेने बंदूक दाखवून ट्रक दुरुस्तीला बसवलेलं. हा दुरुस्त करायचा, पण ब्रेकचा पाइप कानशीने घासून इतका पातळ ठेवायचा की आवारात ट्रक नीट थांबावा आणि घाटात पाइप फुटावा. असे दोन ट्रक दरीत गेले. तिसऱ्यावर फौजेने आपला माणूस न बसवता शहरातलाच एक ड्रायव्हर धरून आणून बसवला. तो याच्या बहिणीचा नवरा होता. याला कळलं तेव्हा ट्रक घाटात पोचला होता.

"बहिणीला माहीत नाही," तो म्हणाला. "माझ्याजवळच राहते. कळलं तर मला सोडून जाईल, आणि जाणार कुठे?"

मला आपण काय बोललो याची लाज वाटली. पुन्हा कधी त्याला घाई केली नाही.

ईदच्या आदल्या दिवशी बहीण गॅरेजवर आली, मध ओतलेल्या पोळ्यांचं ताट घेऊन. तो तिच्या शेजारीच उभा. काहीतरी बोलायचं म्हणून मी माझ्या गॅरेजी अरबीत त्याच्या कामाची तारीफ केली. कुठून बुद्धी झाली कोण जाणे. तिचा चेहरा खुलला.

"माझा नवराही हेच म्हणायचा," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याला धरून नेलं, तेव्हा फार घाबरला होता. मग कळलं, ट्रक माझ्या भावाने दुरुस्त केलाय. मला फोन करून म्हणाला, काळजी करू नकोस, आता मी निर्धास्त जातो."

"प्रत्येक ईदला सांगते, भाई," तो मला हिंदीत म्हणाला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.