राहात्याच्या वाटेवर बॅटरी संपली तेव्हा

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. ही फजिती मी स्वतःच सांगते. आमचे नाना सांगायला बसले तर तिखटमीठ लावून सांगतील आणि स्वतःला त्यातून अलगद बाजूला काढून घेतील.

नाना म्हणजे माझे सासरे. आमचं गाव हिवरे बाजारच्या अंगाला. माझ्या धाकट्या दिरांना, संदीप भाऊजींना, कंपनीनं जर्मनीला पाठवलं. जाताना त्यांनी त्यांची गाडी आमच्या अंगणात आणून लावली. घरच्या प्लगला चार्ज होणारी, बॅटरीवरही चालणारी आणि पेट्रोलवरही.

"वहिनी, नुसती उभी ठेवू नका, बॅटरी खराब होते. नगरला येता-जाता वापरा. होईल तेवढी बॅटरीवरच चालवा," एवढं बोलले आणि विमानात जाऊन बसले.

आता दुसऱ्याची वस्तू सांभाळायची म्हटलं की माझी झोप उडते. त्यात माझी रेवा तेव्हा वर्षाचीही नव्हती. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं, पण काळजी मात्र मी कॉलेजच्या वरची करते.

या गाडीत बसलं की समोर एक आकडा येतो. बॅटरीवर किती किलोमीटर जाईल, तो. भाऊजी सांगायचे, नवी होती तेव्हा पन्नास यायचा. आमच्याकडं आली तेव्हा एकेचाळीस होता. मग एकोणचाळीस झाला. मग सदतीस. आणि एका सकाळी बघते तर चौतीस!

तिकडं अंगणवाडीत रेवाचं वजन वाढेना आणि इकडं अंगणात गाडीचा आकडा टिकेना. सांगा, आईनं करायचं तरी काय?

मी जे रेवाला केलं तेच गाडीला केलं. पोट कायम भरलेलं असावं म्हणून गाडी सदा चार्जिंगला. भरली तरी वायर काढायची नाही. थंडीत बॉनेटवर गोधडी. आणि हो, लपवत नाही, मीठ-मोहऱ्या ओवाळून बॉनेटची दृष्टसुद्धा काढली.

नाना ओट्यावरून बघत होते. "सूनबाई, आता तिला बाळगुटी बी उगाळून दे."

"हसू नका नाना, आकडा उतरायला लागलाय."

"वय झालं आसंल तिचं. माझं गुडघं तरी पयल्यासारखं ऱ्हायलंय व्हय?"

मी ते हसण्यावारी नेलं. भाऊजींचा फोन आला की मी म्हणायची, "गाडी एकदम ठणठणीत!" खरं सांगायची हिंमतच होत नव्हती. मला वाटायचं, माझ्याच हातून मरतेय ही.

अशातच राहात्याला माझ्या भावाला मुलगा झाला. बारसं ठरलं. आता आत्या नाही तर बाळाचं नाव ठेवणार कोण? आणि मी तर एकुलती एक आत्या! नाव माझ्या मनात कधीचं पक्कं होतं, कुणाला कळू दिलं नव्हतं. पण आईनं फोनवर हळूच सांगितलं, "भावजयीची बहीण आधीच येऊन बसलीये. तिनं पण एक नाव काढलंय. तू वेळेवर ये बाई, नाहीतर ती वाकायची पाळण्यात."

आमच्या ह्यांना सुट्टी मिळाली नाही. म्हणजे गाडीत मी, रेवा आणि चालवायला नाना. राहाता शंभर किलोमीटरच्या आसपास. आकडा चौतीस!

थांबा, तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीये. पेट्रोल होतं ना? होतं की! टाकी भरलेली. पण आमच्या विहिरीवर विजेची मोटार आहे आणि डिझेलचं इंजिनही आहे. लाईट गेली की ते इंजिन आपलं आपण सुरू होतं का? नाना रानात जातात, हँडल मारतात, दोन शिव्या घालतात, तेव्हा कुठं ते धडधडतं. तसंच या गाडीतही कुठंतरी काहीतरी फिरवावं लागत असणार, याबद्दल आमच्या दोघांच्याही मनात शंका नव्हती. नगरला जाऊन यायला बॅटरी पुरायची, त्यामुळं पेट्रोलची वेळ कधी आलीच नव्हती. पेट्रोलचा काटा इतके दिवस जागचा हलला नव्हता.

निघायच्या आधी नानांनी ते फिरवायचं शोधलं. एक बटण दाबलं, वायपर फिरले. दुसरं दाबलं, मागची डिकी उघडली. तिसरं दाबलं आणि सीट मागं जाऊन नाना हळूहळू आडवे झाले.

"संदीपला फोन लाव," नाना पडल्या पडल्या म्हणाले.

"नको! आकडा किती आहे म्हणून विचारतील."

मग मीच अक्कल चालवली. चौतीस किलोमीटरच्या आत पाहुणा शोधायचा आणि त्याच्या घरी गाडी भरून घ्यायची! पहिला मुक्काम नगरच्या सावेडीत, माझ्या नणंदेकडं. दुसरा राहुरीला, नानांच्या साडूंकडं. पुढं कोल्हारला कुणी ना कुणी निघेलच. नाना तर खूश झाले. "लई दिस झालं साडूला भेटून," म्हणाले.

उजाडताच निघालो. सावेडीत सुरेखाताईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी बाल्कनीतून वायर खाली सोडली, ती दुसऱ्या मजल्याच्या वाळवणात अडकली. तिथल्या काकूंच्या कुरडया हलल्या, त्यांनी वर बघून विचारलं, "काय चाललंय?"

"माझ्या भावाच्या गाडीला जेवायला वाढतीये," सुरेखाताई वरून ओरडल्या.

गाडी जेवत होती तोवर आम्हालाही जेवावं लागलं. लेकीच्या घरून बाप उपाशी कसा जाईल? पोहे झाले, चहा झाला, मग पिठलं-भाकरी झाली. आकडा मात्र मुंगीच्या पावलानं वर जात होता. इकडं आईचे फोन.

"कुठवर आलीस?"

"नगरला."

"अजून नगरला?"

मध्ये ताईंनी विचारलंसुद्धा, "वहिनी, यात पेट्रोलचं पण काहीतरी असतं ना गं?"

"असतं. पण ते कुठून चालू करायचं, सापडत नाही," मी म्हटलं. त्यांनीही मान डोलावली. त्यांच्या माहेरच्या विहिरीवर तेच इंजिन ना!

दुपारी चौतीस आकडा आला आणि आम्ही सुटलो. मी एसी बंद करायला लावला. मोबाईलचा चार्जर काढून टाकला. भावासाठी नेलेली कांद्याची गोणी ओझं नको म्हणून ताईंकडंच उतरवली होती. नानांनी गाडी ट्रॅक्टरच्या चालीनं धरली. उसाच्या बैलगाडीवाला आम्हाला मागं टाकताना वळून बघून हसला. खरंच!

पण उन्हाचा ताव की काय कोण जाणे, आकडा भराभर उतरायला लागला. दहा. सात. राहुरी अजून पुढं आणि मी मागच्या सीटवर मांडीवरच्या रेवाला घट्ट धरून बसलेली. मनात एकच. गाडी इथं बंद पडणार, पोर उन्हात तापणार आणि तिकडं ती बाई माझ्या भाच्याचं नाव ठेवणार.

तीन. दोन. एक.

आणि एकदम पुढून आवाज आला, घुर्रर्र! आख्खी गाडी थरथरली.

"नाना, बॅटरी फुटतीये! थांबवा!"

नानांनी कच्चकन ब्रेक मारला. मी रेवाला उचललं, दार उघडं टाकलं आणि चप्पल सोडून उसाच्या बांधावर जाऊन उभी राहिले. रेवाला वाटलं खेळ चाललाय, ती टाळ्या पिटायला लागली.

नाना उतरले. बॉनेटवर हात ठेवला, कान लावला. "सूनबाई, ह्यो आवाज तर इंजिनाचा हाय."

मी बांधावरून ठणकावलं, "नाना, आपण काही फिरवलंच नाही, मग इंजिन आपोआप कसं सुरू होईल? मागं या आधी!"

आणि तो शहाणा माणूस माझं ऐकून मागं आला!

आता लपवण्यात काय अर्थ होता? भाऊजींना फोन लावला आणि रडायलाच लागले. ते घाबरले. "वहिनी, रेवा बरी आहे ना?"

"रेवा बरी आहे. पण तुमची बॅटरी मी मारली हो! आकडा कमी कमी होत होता, मी सांगितलं नाही. आता ती पुढून गुरगुरतीये."

"पुढून? आकडा शून्यावर आला का?"

"आला ना!"

 मग भाऊजी अगदी बाळाशी बोलावं तसं बोलले, "वहिनी, ते इंजिन आहे. बॅटरी संपली की पेट्रोलवर आपोआप सुरू होतं. त्यासाठीच बसवलंय ते."

"आपोआप? हँडल नाही?"

"हँडल कशाला असेल?"

"मग आकडा का उतरला?"

"जुनी झाली की बॅटरीत मावतं कमी. मोबाईलचं नाही का तसंच होत? तुम्ही काही मारलं नाही. फक्त कायम काठोकाठ भरून ठेवू नका, त्यानं उलट लवकर थकते. उन्हातपण लावू नका."

"आणि थंडीत बॉनेटवर गोधडी घातलेली चालते ना?"

"बॉनेटवर? वहिनी, बॅटरी मागच्या सीटखाली असते!"

म्हणजे बघा. इतके दिवस मी जिथं पांघरूण घातलं, जिथली दृष्ट काढली, तिथं ते इंजिन आरामात झोपलं होतं. आणि जिच्यासाठी मी झुरत होते तिच्या अंगावर रोज मीच फतकल मारून बसत होते!

नाना गाडीकडं चालायला लागले. "म्या म्हन्लं हुतं, इंजिनाचा आवाज हाय." आणि मग तेच नाना, जे नगरपासून ट्रॅक्टरच्या चालीनं येत होते, त्यांनी अशी गाडी दामटली की राहुरीतले साडू आम्ही कधी गेलो ते बघूही शकले नाहीत.

राहात्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पाळणा सजलेला, बायका ताटकळून गाणी म्हणून म्हणून दमलेल्या. भावजयीच्या बहिणीनं पदर खोचून पाळण्याची दोरी धरलीच होती. मी धावत जाऊन ती तिच्या हातातून घेतली. पण बघते तर सगळ्या तोंडाला पदर लावून हसतायत. वाटेत थांबून मी रेवाला पाजत होते तेवढ्यात नानांनी सुरेखाताईंना फोन केला होता, ताईंनी माझ्या आईला. आमच्याआधी आमची कीर्ती येऊन बसली होती.

मी तिकडं लक्ष दिलं नाही. पाळण्यात वाकले, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" केलं. मी ठरवलेलं नाव सांगितलं, मल्हार! रीतीप्रमाणं बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घातले. एरवी हलकेच घालतात. त्या दिवशी प्रत्येकीनं उशिराचा हिशेब चुकता केला, आईनं तर दोनदा.

आणि भावजयीची बहीण मोठ्यांदा म्हणाली, "आत्याबाई, पळू नका हं! कुर्रर्र तुम्हीच केलंय, इंजिन नाही चालू झालं!"