हिरव्या झग्यातली फ्रेंच बाई

शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच मासिकांतली फॅशनची चित्रं मी जमवते, हे अमरावतीत कुणाला सांगायची सोय नाही. लांबट माना, गुडघ्यापर्यंतचे सरळ झगे, कानांवर ओढलेल्या टोप्या. माझे यजमान त्यांना 'तुझ्या उपाशी बाया' म्हणतात. त्यामुळे अकोल्यात ब्लाउज शिवायचं दुकान चालवणारी माझी मैत्रीण या चित्रांवर भाळली, तेव्हा मला कोण आनंद झाला! मी तिला सगळं शिकवलं. चांगल्या चित्रात रंग छापलेला नसतो, पत्र्याच्या साच्यातून कुंचल्याने हाताने भरलेला असतो. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले की समजायचं, अलीकडची नक्कल आहे.

शिकवलं तिथंच चुकलं. बारा वर्षं परदेशी विक्रेत्यांच्या मागे लागून मला जे हाताने रंगवलेलं अस्सल चित्र मिळालं नाही, ते हिला अकोल्यात रद्दीच्या दुकानात मिळालं. कुण्या जुन्या वकिलाच्या घरून आलेल्या गठ्ठ्यात. तिचा फोन आला, "ताई, तुमी येऊन पाहा, मले काई समजून नाई राह्यलं." दुसऱ्याच दिवशी मी बस पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत देवाला एकच मागत होते, नक्कल निघू दे.

नक्कल नव्हती. हिरव्या झग्यातली बाई, पाठमोरी, खांद्यावरून मागे बघणारी, कमरेला चंदेरी पट्टा. मी भिंग लावलं. ठिपका एकही नाही, कुंचल्याचे फटकारे मात्र स्वच्छ दिसत होते. माझ्या पोटात असं दुखलं की विचारू नका. दात माझे आणि चणे हिच्या पदरात!

"ठिपके आहेत गं," मी म्हणाले. "छपाई आहे. पण गोड आहे."

भिंग तिच्या हाताशीच होतं. तिने ते उचललंसुद्धा नाही. "बरं झालं तुमी पाह्यलं," म्हणाली आणि मला कोथिंबिरीची गरम सांबारवडी वाढली. मी तीन खाल्ल्या.

परतताना बसमध्येच बेत ठरवला. महिनाभराने सहज विषय काढायचा, नमुना म्हणून ते मागून घ्यायचं. नक्कल द्यायला कोण नाही म्हणणार? घरी आल्याबरोबर अल्बममध्ये मी एक पान रिकामं करून ठेवलं.

मागायची वेळच आली नाही. पंधरा दिवसांनी ती एका लग्नासाठी अमरावतीला आली, ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्याकडे आली. आत तीच बाई. चारही बाजूंनी कापून चौकोनी केलेली आणि लॅमिनेशन केलेली. चंदेरी पट्टा काळवंडला होता, मानेपाशी हवेचा फुगा राहिला होता.

"छापीलच होतं, मग म्हनलं चांगलं करूनच नेऊ," ती म्हणाली. "पोराच्या मार्कशीटा करून देते ना तो दुकानवाला, त्याच्याकडूनच केलं. आता पानी बी लागत नाई. तुमाले लय आवडलं होतं, ताई. कितीक वेळ पायत होत्या."

"किती छान," मी म्हणाले. चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. खरं सांगते, चित्रासाठी रडले. तिच्यासाठी नाही. तिच्यासाठी वाईट वाटायला मला आणखी दोन दिवस लागले.

बाहेरून तिचा आवाज आला, "ताई, खिळा कुठं हाय? मी लावूनच देतो."

मी खिळा दिला, हातोडीही शोधून दिली.