पिन धरून बसलेली दुपार

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी ऑफिसचा लॅपटॉप आणि दोन-चार ड्रेस घेऊन पुण्याहून सोलापूरला आले. आई आधीच गेलेली, दुसरं भावंड नाही. थोडे दिवस घरून काम करते, मग बघू, असं ऑफिसात सांगून निघाले होते. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा लागला. सकाळी एक मावशी येऊन अण्णांची अंघोळ उरकून जायच्या. त्यानंतर दिवसभर घरात आम्ही दोघंच. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी जीव घरात अडकलेला असायचा.

एप्रिलमधल्या एका सकाळी लॅपटॉपने नवं अपडेट घेतलं आणि तो सुरूच होईना. पडदा उजळायचा, गोल फिरायचं, पुन्हा काळोख. संध्याकाळी साहेबांसमोर अहवाल मांडायचा होता. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आणून ठेवा, उद्या बघतो. पण आणून ठेवायला घराबाहेर पडता यायला हवं ना. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर उपाय सांगितला. अपडेटच्या आधी लॅपटॉप जसा होता तसा त्याला परत न्यायचं. आपल्या फायली जागच्या जागी राहतात. ती सांगेल ती बटणं मी दाबत गेले. शेवटचं बटण दाबायच्या आधी ती म्हणाली, "आता मधेच बंद पडू देऊ नकोस. पडला तर तुला तो घेऊन पुण्यालाच यावं लागेल."

बॅटरी केव्हाच गेली होती आणि चार्जरची पिन सैल होती. बोटाने वर रेटून धरली तरच वीज पोचायची. मी धरून बसले. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हलायचं नाव घेईना. पंखा गरम हवा खाली ढकलत होता, पाठीला ओढणी चिकटली होती, बोटाला मुंग्या आल्या होत्या. मैत्रिणीचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. बोट जरासं ढिलं केलं तर पुणं. मावशींना राहायला सांगता आलं असतं. कारणही खरं असतं, कुणी काही म्हणालं नसतं.

तेवढ्यात आतून अण्णांनी पाणी मागितलं. आले, जरा थांबा, म्हटलं. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी जागची हलू शकत नव्हते. मग वॉकर घासल्याचा आवाज आला. आजारपणानंतर ते एकटे कधी उठले नव्हते. नका येऊ, पडाल, असं मी बसल्या जागेवरून सांगत राहिले आणि ते येत राहिले. शेजारच्या खुर्चीत त्यांनी अंग टाकलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि डावा, चांगला हात पुढे केला.

"दे हिकडं, मी धरतो. तू पानी आन."

स्वयंपाकघरात मी आधी स्वतः पाणी प्याले. उगाच थोडा वेळ माठापाशी उभी राहिले. परत आले तर अण्णा पिन धरून पडद्याकडे बघत होते, आणि आकडा बराच पुढे गेला होता.

लॅपटॉप सुरू झाला. संध्याकाळी अहवाल अडखळल्याशिवाय पार पडला. साहेब खूश झाले. म्हणाले, "तुमचं तिथून इतकं छान चाललंय, तर कायमचं घरूनच करा. इथली जागा नवीन माणसाला देतो." त्यांनी ते माझ्या सोयीसाठीच केलं होतं. मी चालेल म्हटलं.

अण्णांनी कॉटवरून विचारलं, "काय म्हनला सायेब?"

आता पुण्याला जायचं कारण उरलं नाही, असं मी सांगितलं.

"तुला चालतंय का पन?"

मी हो म्हटलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.