किटकॅट खिशात पाहिजे

अण्णाप्पांची ब्राह्मी एका जागी शांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं. शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार करू. कुलूप लावलं तरी ओढून बघायची, ओढलं तरी जिना उतरून परत वर यायची. एकदा सांगलीत एसटीत बसली, मिरजेला लग्नाला म्हणून, आणि विश्रामबागेतच उतरली. का, तर गॅसचं बटण. बटण बंदच होतं. लग्नात पोचली तेव्हा पंगती उठत होत्या, आणि आई गुणमाला सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "आली का राखणदारीण? नवरीला सासरी पाठवू, का तिलाबी एकदा ओढून बघतीस?"

हे वेड आलं जॅकवेलवरनं. वारणेकाठच्या आमच्या गावात नदीचं पाणी उचलून उसाला देणारी शेतकऱ्यांची संस्था आहे. काठावरची खोल विहीर म्हणजे जॅकवेल. तिच्यात गाळ साठला की माणूस आत उतरतो, आणि माणूस आत असताना वर कुणी मोटार चालू केली तर काय होईल, ते बोलून दाखवायला नको. म्हणून रीत अशी, की उतरायच्या आधी पेटीतल्या फ्यूजच्या किटकॅट उपसून वीजच तोडायची आणि वर थांबणाऱ्यानं त्या आपल्या खिशात ठेवायच्या. नुसती पाटी लावून भागत नाही. पाटी न वाचणारा एक तरी शहाणा प्रत्येक गावात असतोच, आमच्या गावात तर तो निवडून यायचा! ब्राह्मी फ्रॉकात होती तेव्हापासून बाप उतरला की त्या चिनी मातीच्या किटकॅट मुठीत आवळून काठावर उभी. बाप वर आला तरी मूठ सुटायची नाही. "सोड की गं, उसाला पाणी लावायचं हाय," म्हणत अण्णाप्पा एकेक बोट उलगडायचे.

पुढं पोरगी कॉम्प्युटर शिकली आणि विश्रामबागेतल्या एका लहानशा कचेरीत लागली. तिथला धंदाही ओळखीचाच निघाला: मोबाईलवरनं शेतीच्या मोटारी चालू-बंद करायचे प्रोग्राम. गावच्या संस्थेची मोटारही त्यावरच चाले.

अलीकडं त्या कचेरीत एआयचा असिस्टंट आला. त्याला काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं. तो प्रोग्राम लिहितो, आणि लिहून गप्प बसत नाही, स्वतःच हुकूम सोडून चालवूनही बघतो. हात इतके मोकळे म्हटल्यावर त्याला कोंडणं आलं. त्या कोंडीला सँडबॉक्स म्हणतात. कॉम्प्युटरच्या आतच कुंपण घातलेली जागा: दिलेल्या फायली तेवढ्याच दिसाव्यात, बाहेरचे रस्ते बंद. हे कुंपण ब्राह्मीच्या शेजारी बसणाऱ्या सम्मेदनं घातलं होतं. मालक वीरधवल सर नव्या गिऱ्हाइकाकडं लोणंदला गेलेले, आणि तिथनं त्यांचे फोनवर फोन. संध्याकाळी असिस्टंट काम करताना दाखवायचा होता.

नेमका त्याच दिवशी गावात जॅकवेलचा गाळ काढायचा होता. अण्णाप्पा आत उतरणार होते. ब्राह्मीची खुर्ची सकाळपासून करकरत होती.

"कुंपण नीट घातलंयस न्हवं?" तिनं परत विचारलं.

"घातलंय, माझे आई! फायली बंद, नेट बंद. फक्त मोटारींच्या सर्व्हरकडं जायचा रस्ता उघडा ठेवलाय. चाचणीला लागतो."

"आणि सर्व्हरचा पासवर्ड?"

"आतच हाय. त्याबिगर चाचण्या नापास होत्यात. पण सूचना लिहून ठेवलीय की. खऱ्या मोटारीला हात लावायचा न्हाई, 'टेस्ट' नावाची मोटारच वापरायची. तुझ्यापेक्षा जास्त ऐकतोय त्यो."

"म्हणजे तू पाटी लावलीस."

सम्मेदला काही उमगलं नाही. असिस्टंटला कामाला लावून तो तिला ओढतच चहाला घेऊन गेला. ब्राह्मीनं एक घोट घेतला, कप ठेवला, परत उचलला.

"बघून येऊ दे मला."

"काय, गॅसचं बटण?" सम्मेद हसला. चहावाला पण हसला. ती तोवर रस्त्यापलीकडं गेली होती.

पडद्यावर असिस्टंटनं मोठ्या आज्ञाधारकपणे लिहिलं होतं: सूचनेप्रमाणे फक्त टेस्ट मोटार वापरत आहे. चालू करण्याचा हुकूम पाठवला. उत्तर: वीज नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे.

वीज नाही, असं खऱ्या मोटारीचंच यंत्र कळवतं. हा धंदा सुरू झाला तेव्हा पहिलं यंत्र बसवलं होतं तिच्याच गावात. अण्णाप्पाच म्हणाले होते, पयलं आमच्यावर करून बघा. तेव्हा त्या मोटारीला नाव दिलं 'टेस्ट'. काम जमलं, पेढे वाटले, नाव बदलायचं राहिलं.

तिनं नेटची वायरच उपसली आणि बापाला फोन लावला. वाजत राहिला. मग काठावर थांबणाऱ्या बिरदेवला.

"बिरूमामा! मोटार चालू झाली का?"

"कशानं चालू हुईल? किटकॅट माज्या खिशात हायत. खिशात मोटार फिरतीया व्हय?"

"आप्पा कुठं हायत?"

"खाली. बादली वर वड म्हणून शिव्या घालाय लागल्यात. ठिवा आता फोन."

"मी सांगेस्तोवर किटकॅट कुणालाबी देऊ नका," एवढं बजावूनच तिनं फोन सोडला. सम्मेद आला, पडदा वाचला, आणि त्याचा चेहरा उतरला. "त्यानं ऐकलं न्हाई?"

"ऐकलं की. आपल्या पाटीवरच चुकीचं लिहिलं होतं."

मग दोघं कामाला भिडली. पासवर्ड कुंपणाबाहेर काढला. सर्व्हरचा रस्ता बुजवला. चाचणीसाठी आतल्या आत एक खोटी मोटार केली, नुसती हो-ला-हो करणारी. खऱ्या मोटारीचं 'टेस्ट' पुसून गावचं नाव घातलं. एवढं झाल्यावर ब्राह्मीनं मुद्दाम असिस्टंटला हुकूम केला, गावची मोटार चालू कर. त्यानं धडपड केली आणि कळवलं: रस्ता नाही, पासवर्ड नाही. तिनं परत हुकूम केला. परत तेच.

"आता बास की गं," सम्मेद काकुळतीला आला.

तेवढ्यात लोणंदहून फोन. "ब्राह्मी, दाखवायचं ना? गिऱ्हाईक समोर बसलंय."

"आज नको सर. उद्या."

"अगं, त्यांना सांगू काय मी?"

"चहा पाजा," म्हणून तिनं फोन ठेवला आणि आपण काय बोललो ते कळून जीभ चावली.

दिवस कलता कलता अण्णाप्पांचा फोन आला. आवाज दमलेला, पण वरचा, कोरड्यातला. "काय सांगितलंयस गं त्या बिरदेवला? मी कवाच वर आलोय. ह्यो गडी किटकॅट देईना! म्हनतोय, ब्राह्मीताई द्या म्हनली तरच दीन. सोड की गं. उसाला पाणी लावायचं हाय."

ब्राह्मी हसली. हसता हसता तिचा हात मात्र कळफलकावर गेला होता.

"थांबा आप्पा," ती म्हणाली. "एकदा बघून सांगते."