जंजिऱ्याचा रोल

माथेरानला हातरिक्षा ओढणाऱ्या सहदेवनं आयुष्यात किती फोटो काढले असतील, याचा त्याला स्वतःलाच अंदाज नव्हता. पॉइंटवर पोचलं की पाहुणे आपला कॅमेरा त्याच्या हातात देत, कुठलं बटण दाबायचं ते दाखवत आणि कठड्यापाशी जाऊन उभे राहत. सहदेव घाम पुसायचा, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचा. ते फोटो मुंबईला जायचे, सुरतेला जायचे. त्यातला एकही त्यानं कधी पाहिला नव्हता.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात, दर वर्षी त्याच्याच रिक्षात बसणाऱ्या एका पारशी बाईंनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना डबा कॅमेरा जाताना त्याच्या हातावर ठेवला. डोंगराच्या पायथ्याला त्याचं घर होतं. तिथं त्याच्या बायकोनं, बायजानं, तो फडक्यात बांधून कणगीवर ठेवून दिला. रोल भरायचा तर फोटो कशाचे काढायचे, हे सहदेवला सुचेना. पॉइंट तर रोजचेच होते.

दसरा झाला. दिवाळीची गर्दी सुरू व्हायला अजून पंधरा दिवस होते. त्याचे दोन जिवाभावाचे दोस्त, घोडेवाला हिरामण आणि हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झालेला कमळ्या, त्याच्याकडं येऊन बसले होते. हिरामण म्हणाला, जन्मभर आपण लोकांना देखावे दाखवले, एकदा आपणही कुठंतरी पाहुणे होऊन जाऊ. कमळ्यानं जंजिऱ्याचं नाव काढलं. भर समुद्रात उभा असलेला तो किल्ला त्यानं हॉटेलातल्या कॅलेंडरावर पाहिला होता.

सहदेवनं कर्जतला कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल भरून घेतला. तिथून एस.टी. बदलत, पेण-अलिबाग करत ते मुरूडला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहिले. होडीवाला धाकू नाखवा पन्नाशीचा होता. माहीतगार माणसाशिवाय किल्ला कळायचा नाही, दरवाजासुद्धा सापडायचा नाही, असं तो मोठ्या तोऱ्यात सांगू लागला. घासाघीस करायला पुढं झालेला हिरामण ऐकता ऐकता हसायला लागला. घोड्याशिवाय पॉइंट दिसायचा नाही, हे तोही रोज असंच सांगायचा. धाकूनं सांगितलेलं भाडं कबूल करून तो होडीत चढला.

शीड फुगलं. कमळ्यानं फळी घट्ट धरली. सहदेव मांडीवर हात ठेवून बसला. दुसऱ्यांना ओढून नेण्यात जन्म गेलेला. बसल्या बसल्या पुढं जाताना हातांचं काय करायचं, हेच त्याला उमगेना. दरवाजाशी होडी वरखाली हेलकावू लागली, तेव्हा धाकूनं एकेकाचं मनगट धरून त्यांना पायरीवर घेतलं.

तिघं दिवसभर हिंडल्यासारखे हिंडले, पण दोन तासच झाले होते. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचं तळं, यावर कमळ्याचा विश्वास बसेना. त्यानं दोनदा चव घेतली. हिरामण तोफेवर घोड्यावर बसल्यासारखा बसला. सहदेवनं अकरा फोटो काढले. बारावा तिघांचा हवा होता, म्हणून त्यानं कॅमेरा धाकूपुढं धरला आणि बटण दाखवू लागला.

"ठाव हाय मला," धाकू म्हणाला. "रोज काढतो लोकांचे."

"बगितलाय कधी एखादा?"

धाकूनं मान हलवली. "कोन दाखवनार?"

सहदेवनं कॅमेरा त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "मी पाठवतो, नाखवा. पत्ता सांगा."

चौथी शिकलेल्या कमळ्यानं विडीच्या कागदावर पत्ता उतरवून घेतला.

कर्जतच्या स्टुडिओत रोल धुतला. तीन फोटो उजेड लागून गेले, नऊ आले. स्वतःच्या हातचे फोटो सहदेव पहिल्यांदाच पाहत होता. प्रत्येकात आभाळच आभाळ, आणि दोस्त खाली बाहुल्यांएवढे. मागं सगळा पॉइंट येऊ दे, असं पाहुण्यांनी सांगून सांगून त्याच्या हाताला तीच सवय लागली होती. स्टुडिओवाला म्हणाला, माणसं जवळून घ्यायची. धाकूनं काढलेल्या फोटोत मात्र तिघांचे चेहरे स्वच्छ होते, फक्त कडेचा कमळ्या अर्धा कापला गेला होता. त्याची एक प्रत सहदेवनं राजपुरीला पाठवली.

महिन्याभरानं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'फोटो पोचला. कडेचा इसम माझ्या हातून कापला गेला, राग नसावा. आता दोन पावलं मागं सरून काढतो.' कमळ्यानं ते दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

सहदेव मात्र दोन पावलं पुढं सरकून फोटो काढू लागला. कॅमेरा परत देताना पाहुण्यांच्या हातात आपल्या पत्त्याची चिठ्ठीही ठेवू लागला. बहुतेक जण विसरत. एखाद्याला आठवण राहायची आणि टपालानं फोटोचं पाकीट यायचं. सत्त्याहत्तरला हिरामण गेला. कमळ्या मुलाकडं अंबरनाथला राहायला गेला. त्र्याऐंशीत सहदेवच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो घरी बसला. तोवर घराची एक भिंत भरली होती: सुरतेचं नवं जोडपं, चार पोरींचा डॉक्टर, काठी टेकणारी एक आजी.

घरी आलेली माणसं विचारायची, ही सगळी तुमची कोण? बायजा स्वतः कधी पॉइंटवर गेली नव्हती. पण ती भिंतीजवळ जाऊन एकेका फोटोवर बोट ठेवायची.

"ही बाई कड्याला भ्यायची गं, म्हनून झाडाला धरून उभी हाय."

सहदेव बाजेवर पडून ऐकायचा. चुकलं तर दुरुस्त करायचा, पण तिचं फारसं चुकायचं नाही.